मागे बसणाऱ्याला खड्डा दिसत नाही

५ ऑगस्ट २००२, सोमवार

कल्याणच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहितो आहे. एरवी शाळेचं टाचण सोडून मी काही लिहीत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, पाठ कधी दुखते, कशानं वाढते, कशानं उतरते, ते लिहून ठेवा. गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल." एक्स-रे त्यांनी खिडकीकडे धरून पाहिला. मणके ठीक आहेत, दुखणं स्नायूंचं आहे आणि ते मोटरसायकलनं आणलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

ते मलाही कळत होतं. मुरबाडहून निघायचं, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला जायचं, कमळला उपकेंद्राशी उतरवायचं आणि तिथून आत वाडीतल्या माझ्या शाळेवर. संध्याकाळी तेच उलटं. कमळ, म्हणजे माझी बायको, वैशाखऱ्याच्या उपकेंद्रात नर्स आहे. पूर्वी आम्ही एस्टीनं नाहीतर जीपनं जायचो. जीप भरेपर्यंत नाक्यावर उभं राहायचं आणि भरली की मागच्या फळीवर लोंबकळायचं. दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा वाटलं, सुटलो.

आता रस्त्याची चाळण झाली आहे. संध्याकाळी घरी आलो की मला गाडीवरून धड उतरता येत नाही. कमळ आधी उतरते, मग मला हात देते. कंबरेत पाचर ठोकल्यासारखं वाटतं आणि मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत कुणी दोरी ताणून बांधल्यासारखी रग लागते. आज फळ्यावर लिहायला हात वर केला आणि अर्ध्या वाक्यावर खाली बसलो. पोरं म्हणाली, "गुरुजी, आमी लिव्हू?"

आई म्हणते, "तुझा बाप भाताची आख्खी आवणी वाकून काढायचा, कधी हूं केला नाय." वाद घालायलाही पाठ सरळ लागते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टरांनी गाडीवर बसायचं कसं तेही दाखवलं होतं. कोपर ताठ ठेवायचे नाहीत, किंचित वाकलेले असू द्यायचे. खांदे सैल सोडायचे, मुठी आवळायच्या नाहीत, गुडघ्यांनी टाकी धरायची म्हणजे कंबरेवरचा भार कमी होतो. मधे कुठेतरी थांबून चार पावलं चालायचं. आणि गाडी आपल्या मापाची करून घ्यायची.

म्हणून आज नाक्यावरच्या धाऊकडे गाडी नेली. धाऊ मेकॅनिक बोलतो कमी, पण हात चांगला. त्यानं मला गाडीवर बसवून लांबून पाहिलं. "मास्तर, हँडल लांब पडतंय तुमाला. म्हणून वाकता." हँडल सैल करून माझ्याकडे ओढून घट्ट केलं. मागचे शॉकअप दबलेले होते, ते कडक करून दिले. पुढच्या सीटमध्ये नवा स्पंज घातला.

"मागचापण भाग करू का?" त्यानं विचारलं. "आख्खी सीट खोलावी लागंल. गाडी ठेवून जा."

मी म्हटलं, "पुढचंच कर. चालवणारा मी आहे."

कमळ छत्री घेऊन बाजूला उभी होती. घरी येताना म्हणाली, "कडक झालीय वो गाडी." मी म्हटलं, सवय होईल.

मला फरक वाटला. खरंच वाटला.

१४ ऑगस्ट, बुधवार

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझी शाळेची बॅग मी कायम उजव्या खांद्याला अडकवतो. आत पेपर, पुस्तकं, जेवणाचा डबा, रेनकोट. तेवढं वजन घेऊन तासभर गचके खायचे, मग खांदा दुखेल नाही तर काय होईल? आजपासून बॅग कमळच्या मांडीवर. निघताना पट्टा खांद्यावरून काढला तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं श्वास सोडला.

बुधवारी तिच्याकडे लसींचा डबाही असतो. वाटेत आरोग्य केंद्रातून घ्यायचा आणि उपकेंद्रात न्यायचा. आत बर्फ असल्यामुळे तो जड. ती एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते, साडीत दुसरं कसं बसणार. मांडीवर बॅग, बॅगेवर डबा. मी आरशात पाहिलं तर तिचं तोंड दिसेना, नुसता डबा. मी हसलो. कदाचित माझ्या हेल्मेटमुळे तिला ऐकू आलं नसेल.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पाठ बरी. खांदा मात्र अजून ठणकतो. विचार करता करता कारण सापडलं. कमळ मागे बसली की उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवते. खड्डा आला की तिचा सगळा भार त्या हातावर येतो, म्हणजे माझ्या खांद्यावर. आज मी तिला सांगितलं, "मागच्या दांडीला धर, खांद्याला धरू नकोस. डॉक्टरांनी खांद्यावर भार नको सांगितलाय."

"बरं," ती म्हणाली.

आता उजव्या हातानं ती बॅग सांभाळते आणि डावा हात मागे नेऊन दांडी धरते. खांदा मोकळा झाला. हे डॉक्टरांना सांगायला हवं, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

व्यायाम सुरू केले आहेत. सकाळी चटईवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे. मग हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर करायची, मग खाली सोडायची. हनुवटी आत ओढून मान सरळ करायची. खांद्याची पाती मागे नेऊन एकमेकींना भिडवायची. भूमिका, माझी मुलगी, चौथीत आहे, ती चटईशेजारी बसून हसते आणि आजीला बोलावते. आई म्हणाली, "गुरुजी म्याव करतात का बघ." करू देत थट्टा. फरक पडतो आहे.

जेवणानंतर कमळ तेल चोळून देते. पण आजकाल तिच्या हाताला जोर नाही. एकाच हातानं चोळते, तेही उरकल्यासारखं. आज म्हटलं, "नसेल चोळायचं तर राहू दे." तर ती उठून गेली. मग आईनं चोळलं. सत्तरी आली तरी हात भक्कम. चोळता चोळता आई म्हणाली, "तिला नको सांगत जाऊस रे. दिवसभर खपते ती." मला वाटलं, सासू सुनेची बाजू घेते आहे तर घरात सगळं ठीक आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीनंतर गाडी पुन्हा रोजची. पण आता मला तिची भीती वाटत नाही. एक युक्ती सापडली आहे. मोठा खड्डा दिसला की मी पायांवर भार देऊन सीटवरून जरासा उठतो. गचका गुडघ्यांत जिरतो, कंबरेपर्यंत येतच नाही. शाळेत देवजी गुरुजींना सांगितलं. देवजी माझ्याच शाळेतले, वैशाखऱ्यातच राहतात. ते म्हणाले, "तुमची तब्येत सुधारली हां. चेहऱ्यावर दिसतंय."

वेगही वाढला. पूर्वी टोकावड्याच्या पुढे मी जपून चालवायचो, आता सरळ काढतो.

कमळचं मात्र काहीतरी बिनसलं आहे. गाडीवर बोलायची, आता बोलत नाही. परवा उपकेंद्राशी उतरल्यावर गाडीला धरून उभीच राहिली. मी विचारलं, "काय विसरलीस?" तर म्हणाली, "नाय. जावा तुमी." मधेच एकदा म्हणाली होती की उपकेंद्रामागचं क्वार्टर दुरुस्त झालंय, नळ बसवलाय. मी म्हटलं, चांगलं झालं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला. शहापूरला प्रशिक्षण होतं. माझ्या गाडीचं चाक पंक्चर, म्हणून देवजींच्या मागे बसून गेलो. येताना पुस्तिकांचं खोकं मिळालं, शाळेसाठी. ते माझ्या मांडीवर.

मागे बसणं इतकं त्रासाचं असतं हे मला माहीत नव्हतं. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो तयार होतो. मागे बसणाऱ्याला खड्डा दिसत नाही. आपण बेसावध असतानाच खालून दणका बसतो, तो थेट माकडहाडापासून मानेपर्यंत जातो. पाय रोवायला धड जागा नाही. हातात खोकं, म्हणून काही धरता येत नाही. एक हात मागच्या दांडीला लावला तर थोड्याच वेळात खांद्यात कळा यायला लागल्या, बोटं बधिर झाली. वर देवजी खड्डा आला की सीटवरून उठतात, कारण ती युक्ती मीच त्यांना शिकवलेली. ते उठले की गाडीचं मागचं चाक सगळं आपल्याच अंगावर आपटतं. मुरबाडला उतरलो तेव्हा मी वाकडाच उभा होतो आणि देवजी ताजेतवाने. मला म्हणतात, "चहा घेऊ या का?"

महिनाभराचं कमावलेलं एका दिवसात गेलं.

घरी कमळला हे सगळं सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडाला लावला तरी थांबेना. आई दारात येऊन बघायला लागली. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला असं हसू नये, तेही नर्सनं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल वाडीत बाळंतपण झालं. धाकलूची सून रुपा. वेणा लवकर वाढल्या, उपकेंद्रात न्यायला वेळ मिळाला नाही, कमळ त्यांच्या घरीच गेली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. पण आज धाकलू शाळेशी आला. कुंपणाशी उभा राहून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मास्तर, राग नका मानू. नर्सबाईनी पोराला हात नाय लावला. समदं बुधी म्हातारीला करायला लावलं. बाई बाजूला बसून सांगत व्हत्या. आमी आदिवासी ठाकरं म्हणून का?"

मी म्हटलं, असं नसणार. पण मला लाज वाटली. बुधी म्हातारी जुनी सुईण, तिचे हात थरथरतात. पगारी नर्स समोर असताना तिनं का करायचं?

येताना गाडीवरच विषय काढला. वारा असल्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागलं. म्हटलं, लोक काय बोलतात माहीत आहे का? इतकी वर्षं मी त्या वाडीत तोंड दाखवतो आहे. कंटाळा आला असेल तर तसं सांग.

"मूल बरं हाय ना?" ती मागून म्हणाली. "मग झालं."

"तसं झालं नाही," मी म्हटलं. तेवढ्यात खड्डा आला, मी उठून काढला.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

मला वाटलं काही पडलं. थांबवली. ती उतरली. माझी बॅग तिनं सीटवर ठेवली आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागली. मी हाका मारल्या. मागून जीप आली, तिनं हात केला आणि ती चढून निघूनही गेली. मी बॅग खांद्याला अडकवून तिच्या मागे मागे गाडी चालवत आलो. जीपमधली माणसं माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिनं माझ्यासमोर ताट वाढलं आणि आत गेली. मी जेवून उठलो. चूक माझी नव्हती.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भूमिका आजीसमोर बसून वेणी घालून घेत होती. मी सहज म्हटलं, आजीला कशाला त्रास, आईकडून घालून घे.

"आईचा हात वर जात नाय," भूमिका म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे जात नाय. इथपर्यंतच जातो." तिनं आपला डावा हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. "कधीपासनं आजीच घालते. आईची वेणीपण आजीच घालते."

मी आईकडे पाहिलं. आईनं वेणीवरून नजर हलवली नाही. "पोलक्याची बटणं मी लावते तिची. कपडे वाळत मी घालते. तुला दिसत नाय का दोरीवर?"

"मला सांगितलं का नाही?"

"कधी सांगायचं? तू घरात पाय टाकलास की तुझी पाठ सुरू होती, झोपेपर्यंत." आईनं रिबीन करकचून बांधली, भूमिका ओरडली. "तिनंच सांगू नको म्हटलं. म्हणून गप राहिले."

कमळ मागे भांडी घासत होती. एका हातानं. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी शेजारी जाऊन बसलो. विचारलं, कधीपासून?

"आवणी झाल्यापासनं म्हणा." तिनं पातेलं पालथं घातलं. "मागनं पाठपण दुखते. पण पाठीचं काय, सगळ्यांचीच दुखते."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून? गाडी बंद झाली असती. मग परत जीप, परत नाक्यावर उभं राहा. नायतर तुमी म्हणाला असता, नोकरी सोड."

मी म्हटलं, मी असं म्हणालो नसतो. म्हटलं खरं, पण आता लिहिताना वाटतं, कोण जाणे. कदाचित म्हणालोही असतो. आणि तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणतोय असंही मला वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कमळला घेऊन कल्याणला गेलो. जीपनं. तिला खिडकीशी जागा मिळावी म्हणून दोन जीपा सोडल्या.

डॉक्टरांनी तिचा हात धरून वर न्यायचा प्रयत्न केला. खांद्याच्या खालीच अडला. तिचा श्वास आत ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, पण ती ओरडली नाही. डॉक्टर म्हणाले खांदा आखडला आहे, मान आणि कंबरही धरली आहे. मग त्यांनी विचारलं, "गाडीवर कशा बसता? इथं बसून दाखवा."

ती स्टुलावर बसली. दोन्ही पाय डावीकडे. कंबरेत वळलेली, कारण पुढे तोंड करायचं. उजव्या हातानं तिनं खुर्चीवरची माझी बॅग ओढून मांडीवर घेतली आणि कवेत धरली. डावा हात मागे नेऊन स्टुलाची कड धरायला गेली आणि तो पोचेना, तेव्हा अर्ध्यावरच थांबली.

"एवढ्या लांब तुम्ही अशा जाता? रोज?"

"हो."

"पिळून वाळत घातल्यासारखं झालंय हे. आणि खांद्याला का नाही धरत यांच्या?"

कमळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्यांचा खांदा दुखतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हां, गुरुजी. तुमचं कसं आहे आता?"

मी म्हटलं, बरं आहे. याहून दुसरं काय सांगणार? खरंच बरं होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. सहा आठवडे गाडीवर मागे बसायचं नाही. पुढे बसायचंच झालं तर दोन्हीकडे पाय टाकून, पाय खालच्या पायट्यांवर रोवून, मांडीवर काही न घेता. ओझं गाडीला बांधायचं, माणसाला नाही. वाकून हात सैल सोडून लंबकासारखा हलवायचा. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. शेक घ्यायचा. महिने लागतील, घाई करायची नाही.

बाहेर आल्यावर रसाच्या दुकानात बसलो. तिनं मला आपणहून सांगितलं. रुपाच्या वेळी डोकं दिसायला लागलं, एका हातानं डोकं सांभाळायचं, दुसऱ्यानं खालून आधार द्यायचा, आणि डावा हात भारच घेईना. "बुधीचे हात थरथरतात, पण धरतात तरी. माझ्या हातून मूल सटकलं असतं तर काय केलं असतं मी? मी शेजारी बसून एकेक सांगत राहिले. तिनं केलं." तिनं ग्लास ठेवला. "धाकलू बोलला ना? बोलू द्या. त्याला काय सांगू, माझा हात मेलाय म्हणून?"

तिचा रस तसाच राहिला होता, मी पी म्हटलं. ती प्यायली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

रविवारी धाऊकडे गाडी ठेवली. शॉकअप सैल करायला सांगितले, मागची सीट पूर्ण नवी, बॅगेसाठी बाजूला लोखंडी कॅरियर, मागे बसणाऱ्याला दोन्हीकडे चांगले पायटे. धाऊ म्हणाला, "तवाच सांगत व्हतो." आज आणली आणि कमळला दाखवली. म्हटलं, सहा आठवडे झाले की बघ, त्रास होणार नाही.

तिनं सीटवर हात फिरवला. "छान केलीय." मग म्हणाली, "मी क्वार्टरला राहायला जाणार आहे. दिवाळी झाली की."

"राग आहे अजून?"

"राग नाय."

"मग?"

"दमले वो. रोज सकाळी गाडीवर बसायचं म्हटलं की आदल्या दिवसापासनं अंग दुखायला लागतं. तिथं राहिले तर उठले की काम. शनिवारी एस्टीनं येईन."

भूमिकाचं काय, मी विचारलं. "तुमी हाय ना. आई हाय." आईकडे पाहिलं तर ती वाल सोलत होती. "जाऊ दे तिला," म्हणाली. म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कमळ गेली. स्टोव्ह, दोन भांडी, गादी, शेकायची पिशवी. सामान टेम्पोतून नेलं, ती देवजींच्या बायकोसोबत एस्टीनं गेली. क्वार्टर म्हणजे एक खोली आणि मोरी. नळाला खरंच पाणी येतं. मी खिळा ठोकून आरसा लावला, तर म्हणाली, "जरा खाली. माझा हात तिथं नाय पोचत." खाली लावला.

धाकलू आला होता. कल्याणहून आल्यावर मी वाडीत जाऊन त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं लाकडाची मोळी भिंतीशी ठेवली आणि म्हणाला, "ओली हाईत जरा. आठ दिस वाळू द्या."

९ डिसेंबर, सोमवार

पाठ: काही नाही. खांदा: काही नाही. रस्त्याचं काम सुरू झालं आहे.

भूमिकाची वेणी आता मी घालतो. वाकडी होते. शाळेत पोरी हसतात म्हणे, तरी ती मलाच घालू देते.

एकट्यानं गाडी चालवताना मी अजून खड्डा आला की उठतो आणि उठल्यावर मागे वळून बघतो.

४ जानेवारी २००३, शनिवार

अर्धी शाळा झाल्यावर क्वार्टरवर गेलो. दार उघडं होतं. कमळ भिंतीकडे तोंड करून उभी, डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत होती, मुंगी चढावी तशी. शेजारी बुधी म्हातारी खाली बसून बघत होती. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, एकीच्या वर एक. मी काही बोलणार, तर बुधीनं हात वर करून मला गप केलं.

बोटं सगळ्यात वरच्या रेघेशी थांबली. कमळचा चेहरा मला दिसत नव्हता, पण पाठ दिसत होती. पोलक्याला पाठीवर घामाचा डाग. मग एक बोट वर सरकलं, मग दुसरं.

"बास गो," बुधी म्हणाली, "आज बास. फाटंल."

कमळनं हात हळूहळू खाली घेतला आणि तेव्हा तिला मी दिसलो. "चहा ठेवते," म्हणाली. मी म्हटलं, मी ठेवतो. स्टोव्ह पेटवायला मला बराच वेळ लागला. त्या दोघी बघत राहिल्या, कुणी मदत केली नाही.

९ फेब्रुवारी २००३, रविवार

पोलिओचा रविवार. शिक्षकांनाही ड्यूटी होती. वरच्या वाडीला रस्ता नाही, चढ चढून जावं लागतं. मी म्हटलं, मी येतो तुझ्याबरोबर.

पायथ्यापर्यंत गाडीवर गेलो. कमळनं पंजाबी ड्रेस घातला होता, वर पांढरा ॲप्रन. साहेबांना विचारून घेतलं म्हणाली. दोन्हीकडे पाय टाकून बसली. वाटेत दोन बायका थांबून बघायला लागल्या, तर तिनं त्यांना हाक मारून सांगितलं, "पोरांना घेऊन या खाली बुथवर." मी फार सावकाश चालवली. "एवढीपण सावकाश नको, बर्फ वितळंल," म्हणाली. खड्डे आले की मी ओरडून सांगत होतो. नंतर नंतर तीच म्हणाली, "कळतंय मला. बघा पुढं."

चढताना डबा माझ्याकडे होता. पट्टा खांद्याला न लावता हातात धरला, हात बदलत बदलत. चढ उभा आहे. अर्ध्यावर कमळचा श्वास लागला. हात पुष्कळ सुधारला असला तरी खांद्याच्या वर अजून पुरता जात नाही, आणि सकाळपासून ती खालच्या वाडीत उभीच होती. एक सपाट दगड होता, त्यावर बसलो. आजूबाजूला टेकायला काहीच नव्हतं, ना झाड, ना बांध. ती जरा वेळ ताठ बसली, मग कूस बदलली, आणि शेवटी वळून माझ्या पाठीला पाठ लावून टेकली.

"दुखंल का तुमाला?"

"नाही."

पहिल्यांदा तिचा भार नव्हताच, नुसती टेकल्यासारखी. मग हळूहळू आला. तिच्या डाव्या खांद्याचं पातं माझ्या पाठीला लागत होतं, श्वासाबरोबर वर होत होतं, खाली जात होतं. काही वेळानं डोकं माझ्या मानेवर आलं आणि मला कळलं की तिला झोप लागली आहे.

वर वाडीतून कुणीतरी हाक दिली, "बाई आल्या का वो?" पोरं जमलेली असणार. डबा उन्हात राहू नये म्हणून मी पायानं तो माझ्या सावलीत ओढून घेतला. थोड्या वेळानं माझ्या कंबरेत रग लागायला लागली, मग मानेत. हनुवटी आत घ्यावी, खांदे मागे घ्यावेत, सगळं आठवत होतं.

हललो नाही. पुन्हा हाक आली तेव्हा हात वर करून नुसती खूण केली, की येतो, जरा थांबा.